एक कॉम्प्युटर आणि आम्ही दोघी

दुसऱ्याचं कौतुक कानावर पडलं की माझ्या पोटात दुखतं. लहानपणापासून दुखतं. शाळेत शेजारच्या मुलीचा निबंध बाईंनी वाचून दाखवला, तेव्हा मी घरी येऊन जेवले नव्हते. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाही तर पुढचं सगळं वाचून मला कुणी साधी बाई समजायचं.

परतूरच्या एका खरेदी-विक्री संघाच्या ऑफिसात मी चौदा वर्षं टायपिस्ट होते. मराठी टायपिंगमध्ये माझा हात धरणारं आजूबाजूला कुणी नव्हतं. तहसीलमधले लोकसुद्धा घाईचं पत्र असलं की आमच्या मॅनेजर साहेबांना फोन करायचे, "तुमच्या मॅडमला जरा देता का?" दिवाळीच्या सुमारास बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागायची, हमालांचा आरडाओरडा असायचा, आणि त्यातही माझ्या मशीनचा आवाज रस्त्यापर्यंत ऐकू जायचा. ओळ संपत आली की घंटी वाजायची, डावा हात आपोआप वर जाऊन दांडी ओढायचा, आणि पुढची ओळ सुरू. मी कागदाकडे बघतसुद्धा नसे.

आमच्या ऑफिसातले एक क्लार्क आठवड्याभराच्या तापानं गेले. काही महिन्यांनी त्यांच्या जागेवर त्यांच्या बायकोला घेतलं. क्लार्क सगळ्यांना भावासारखे होते म्हणून आम्ही तिला वहिनी म्हणायचो. वय सत्तावीस-अठ्ठावीस, पदरात एक मुलगी, घरी सासू. आवक-जावक रजिस्टर कसं लिहायचं ते मीच तिला शिकवलं. डब्यातली भाजी दिली, सुट्टीचा अर्ज लिहून दिला. त्या वर्षभरात मी तिच्याशी फार चांगली वागले, आणि त्याचं कारण मला आता नीट कळतं. तिची कीव करता येत होती. कीव करताना आपण एक पायरी वर उभे असतो, आणि मला ती पायरी आवडत होती.

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. गणपती झाले आणि संघात कॉम्प्युटर आला. जुन्या कागदांची खोली रिकामी करून तिच्या दाराला पडदा लावला, टेबलावर नवी चादर घातली, आणि दारात पाटी आली की चपला बाहेर काढाव्यात. मॅनेजर साहेबांनी आम्हा दोघींना बोलावलं.

"दसऱ्यानंतर संचालकांची सभा हे," ते म्हणाले. "त्या सभेपुढं ठेवायचा अहवाल दोघींनी ह्या मशीनवर काढायचा. जिचा बराबर निघंल ती कायम हितं बसंल. दुसरीनं टाइपरायटर घेऊन घनसावंगीच्या शाखेला जायचं. तिथं टायपिस्टच न्हाई."

घनसावंगीला जायचं म्हणजे सकाळची बस, ती चुकली तर जीपमध्ये चौदा माणसांत पंधरावं. माझी दोन्ही मुलं परतूरच्या शाळेत, दहावीचं वर्ष एकाचं. तिची मुलगी तर पहिलीत. म्हणजे दोघींनाही ते परवडणारं नव्हतं. पण मी बाहेर आले ती हसतच. चौदा वर्षांची टायपिस्ट आणि कालची आवक-जावक. यात बघायचं काय होतं?

शिकवायला जालन्याहून एक सर यायचे, सोमवारी आणि गुरुवारी, पॅसेंजर गाडीनं. गाडी वेळेवर आली तर दोन तास, नाही तर एक. पन्नाशीचे, चष्मेवाले, पान खाणारे. पहिल्या दिवशी त्यांनी कॉम्प्युटरच्या पडद्यावरचा बाण दाखवला आणि माऊस माझ्या हातात दिला. म्हणाले, "बाई, हे फिरवा, तो बाण फिरंल."

मी फिरवला. बाण उजवीकडे निघाला आणि मध्येच टेबल संपलं. माऊस टेबलाच्या काठाला, बाण पडद्याच्या मध्यावर. आता काय करायचं ते मला कळेना. मी सरांना म्हटलं की टेबल लहान आहे, मोठं मागवायला लागेल. सर हसले. मागे उभी असलेली वहिनी हसली नाही, पण मला वाटलं हसली. सरांनी तिला पुढे बोलावलं. तिनं माऊस उचलला, परत मध्ये ठेवला आणि पुढे सरकवला. बाण गेला टोकाला. "मी मघाशी बघत होते, सर उचलून ठेवत होते," ती म्हणाली. तेवढंच. पण माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

मग दोनदा टिचकी मारायचं आलं. मी चौदा वर्षं लोखंडी कळा दाबलेली बाई. माझी टिचकी म्हणजे ठोसा. पहिल्या ठोशाला माऊस हलायचा आणि दुसरा ठोसा भलतीकडेच पडायचा. पडद्यावरचं फोल्डर उघडण्याऐवजी त्याचं नाव निळं व्हायचं आणि मी काही दाबलं की नावच पुसून जायचं. वहिनीचं बोट मात्र हलकं होतं. टिक टिक, उघडलं. टिक, बंद झालं. सर म्हणायचे, "बराबर. बिलकुल बराबर." मला ते 'बिलकुल' रात्री झोपताना आठवायचं.

एकदा मी अर्धं पत्र लिहिलं, आणि वरच्या कोपऱ्यातल्या तीन बारक्या चौकोनांपैकी पहिल्यावर टिचकी बसली. पत्र नाहीसं झालं. मी ओरडलेच की मशीननं माझं पत्र खाल्लं. वहिनी रजिस्टर टाकून धावत आली.

"ताई, गेलं न्हाई वो ते. खाली पट्टीवर जाऊन बसलंय. हे बघा." तिनं खालच्या पट्टीवर टिचकी मारली आणि माझं पत्र जसंच्या तसं वर आलं.

तिनं मला मदत केली होती. त्याबद्दल मला तिचा राग आला. पत्र खरंच गेलं असतं तर बरं झालं असतं असं वाटून गेलं, म्हणजे दोष मशीनचा ठरला असता.

हात बसावा म्हणून सरांनी त्या मशीनमधला पत्त्यांचा खेळ खेळायला सांगितला. पत्ते उचलून दुसऱ्या पत्त्यावर नेऊन सोडायचे, बोट दाबून धरायचं आणि जागेवर गेल्यावर उचलायचं. माझ्या माहेरी पत्त्याला हात लावला तर वडील जेवायला देत नसत. मी म्हटलं, "ऑफिसात बसून पत्ते? मला न्हाई जमायचं." मला वाटलं वहिनीही लाजेल. ती लाजली नाही. जेवणाच्या सुट्टीत डबा पाच मिनिटांत संपवून ती चपला काढून पडद्याआड जायची आणि पत्ते लावायची. आमचे शिपाई मामा, साठीला टेकलेले, दारात उभे राहून बघायचे आणि सांगायचे, "वहिनी, लाल अठ्ठी काळ्या नव्वीवर टाका." डाव पूर्ण झाला की पडद्यावर पत्त्यांचा पाऊस पडायचा आणि दोघं हसायचे.

तिला हसताना मी वर्षभरात प्रथमच ऐकलं. दुसऱ्या एखाद्या बाईला बरं वाटलं असतं. मला काय वाटलं ते लिहिते: हिचा नवरा जाऊन अजून दोन वर्षं झाली नाहीत, आणि हिला पत्ते सुचतात. ही माझी त्या दिवसांतली बुद्धी. तेच मी हिशेबनिसांजवळ बोललेही, हळू आवाजात, काळजीच्या सुरात.

मला सगळ्यात झोंबलं ते वेगळंच. मराठीची अक्षरं कॉम्प्युटरवरही टाइपरायटरच्याच जागी होती. तिथं तरी मी राणी होते. वहिनी दोन बोटांनी एकेक अक्षर शोधायची तोवर माझं पान व्हायचं. मी खूश होते. मग एका गुरुवारी मॅनेजर साहेब आले, माझं पत्र पडद्यावर वाचलं आणि म्हणाले, "छान. फक्त पहिल्या ओळीत 'मा. संचालक मंडळाच्या मान्यतेने' एवढं घाला."

मी घातलं. पहिली ओळ फुगली, तिच्यातले दोन शब्द खाली एकटेच जाऊन पडले, आणि त्यांच्याखाली पुन्हा नवी ओळ. दुरुस्त करायला गेले तर तिसरी ओळ मोडली. पत्राची पार रांगोळी पुसल्यासारखी दशा झाली. कारण मी प्रत्येक ओळीच्या शेवटी एंटर मारत होते. टाइपरायटरवर ओळ संपली की दांडी ओढायचीच असते, ओढली नाही तर कागदाबाहेर अक्षरं जातात. इथं घंटी नव्हती, दांडी नव्हती, तरी माझा डावा हात हवेत उठायचा आणि उजव्या हाताची करंगळी एंटरवर पडायची. खरं तर त्या मशीनला ओळ आपली आपण मोडता येत होती. त्याला माझी गरज नव्हती.

वहिनीला टायपिंग येत नव्हतं, म्हणून तिला ही खोडही नव्हती. ती एका परिच्छेदात एकदाच एंटर मारायची. तिच्या पत्रात साहेबांनी चार शब्द घातले तरी सगळं पाण्यासारखं सरकून जागेवर बसायचं.

"ताई, ओळीच्या शेवटाला नका दाबू. सोडून द्या, ती आपोआप खाली येती," तिनं मला एकटीला गाठून सांगितलं.

"माझ्या हाताला चौदा वर्षांची सवय आहे वहिनी," मी म्हटलं. "तुम्ही काल आलात."

मला येत होतं म्हणून मला येत नव्हतं. आणि तिला काहीच येत नव्हतं म्हणून तिचं चाललं होतं. या गोष्टीनं माझा जीव जळायचा. घरी मी चादरीवर बोटं आपटून सराव करायची, परिच्छेद संपेपर्यंत करंगळी मुडपून धरायची. सकाळी ऑफिसात आले की दुसऱ्याच ओळीला करंगळी एंटरवर. मागनं आली नि तिखट झाली, असं मी तिच्याबद्दल सगळीकडे म्हणत होते, आणि मनात घनसावंगीच्या बसच्या वेळा पाठ होत होत्या.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडे सगळ्या हत्यारांची पूजा होते. शेतकरी नांगर पुजतो, सुतार करवत. संघात काटे, वजनं, तिजोरी, टाइपरायटर सगळं धुवून-पुसून मांडायचं, झेंडूची फुलं, नारळ, आणि पूजा झाली की दसऱ्यापर्यंत कशालाही हात लावायचा नाही. ज्याचं जे मशीन त्यानं त्याची पूजा करायची, ही पद्धत. माझ्या टाइपरायटरची पूजा चौदा वर्षं मीच केलेली.

या वर्षी पहिला मान कॉम्प्युटरचा होता. सगळे त्याच्या खोलीचा पडदा सारून दारात अनवाणी उभे. मॅनेजर साहेबांनी ताट उचललं आणि म्हणाले, "वहिनी, ह्या मशीनवर तुम्हीच जास्ती बसून राह्यलात. या, तुम्ही करा पूजा."

वहिनी एक पाऊल पुढं आली. तिनं पदर खांद्यावरून नीट घेतला आणि ताटाला हात लावला. मला तिचा चेहरा दिसत होता. तिला इतक्या दिवसांत असं कुणी पुढं बोलावलं नव्हतं. आणि मला दिसलं की साहेबांनी ठरवून टाकलंय. परीक्षा व्हायच्या आधीच खुर्ची तिची झाली.

"साहेब," मी म्हटलं, "नवं मशीन हे. सवाष्णीच्या हातनं झालेलं बरं. मी करते."

साहेब ताटाकडे बघत राहिले. शिपाई मामांनी मान खाली घातली. त्यांच्यापैकी एकानं जरी 'राहू द्या वो मॅडम' म्हटलं असतं, तर मी मागे सरले असते. पण असल्या गोष्टीत कुणी बोलत नाही, हे मला माहीत होतं, म्हणून तर मी बोलले.

वहिनीनं ताट माझ्या हातात दिलं. "बराबर हे," ती म्हणाली. "ताईच करतील." आणि ती मागे जाऊन हिशेबनिसांच्या पाठीशी उभी राहिली, जिथून मशीन दिसतसुद्धा नव्हतं.

मी यथासांग पूजा केली. तेलात कालवलेलं कुंकू होतं. कॉम्प्युटरच्या पडद्याला लावलं, त्याच्या डब्याला लावलं, कळांच्या पाटीला लावलं. टाइपरायटरच्या पूजेत मी नेहमी रुळाला बोट लावायची, कारण जे फिरतं त्याला आधी मान. बैलगाडीलाही आपण चाकापाशीच नारळ फोडतो. म्हणून मी माऊस उलटा केला आणि तेव्हाच्या माऊसच्या पोटात जी फिरायची त्या गोळीला कुंकवाची दोन बोटं चांगली भरून लावली, गोळी फिरवून चारी अंगांनी लावली. खोटं सांगत नाही, बिघडवायचं म्हणून नाही लावलं. आधीचं सगळं मात्र मुद्दाम होतं.

दसरा झाला. दुसऱ्या दिवशी परीक्षा. जालन्याचे सर आले होते, साहेब खुर्ची ओढून बसले, मामा दारात. वयानं मोठी म्हणून पहिली पाळी माझी. मी मशीन चालू केलं, माऊस धरला आणि फिरवला. बाण वर-खाली जात होता, पण डावी-उजवीकडे जाईना. मी दाबून फिरवला. आपटला. बाण एका रेघेत अडकून थरथरत होता. नाचता येईना अंगण वाकडं, असं आता सगळे म्हणणार, हे डोक्यात आलं आणि माझा तोल गेला.

"बिघडवून ठेवलाय," मी म्हटलं. "दुपारभर पत्ते खेळून खेळून बिघडवलाय यांनी. मला कळतं सगळं."

वहिनी भिंतीपाशी उभी होती. ती पुढं आली, माझ्या हातातून माऊस घेतला, उलटा केला आणि खालची चकती फिरवली. तसं सरांनी एकदा दाखवलं होतं, मी तेव्हा लक्ष दिलं नव्हतं. गोळी तिच्या तळव्यावर पडली. लालभडक. आत बोट घालून तिनं बघितलं. आतल्या बारक्या रुळांवर तेल आणि कुंकवाचा थर बसला होता, त्यात कापसाचं तूस चिकटलेलं.

सर सोडून खोलीतल्या प्रत्येकाला कळलं ते कुंकू कुणाचं. साहेबांनी माझ्याकडे बघितलं आणि मान वळवली.

वहिनीनं केसातली पिन काढली आणि रूळ खरवडायला लागली. पिनेनं निघेना तेव्हा नखानं. गोळी बोटांनी चोळून चोळून साफ केली. पाच-सात मिनिटं लागली असतील. तोवर तिची बोटं लाल झाली, अंगठा, तर्जनी, नखांच्या कडा, सगळं. दीड-दोन वर्षांपूर्वी ज्या बाईचं कुंकू पुसलं होतं, ती माझं कुंकू नखानं काढत होती.

"काय झाल्तं?" शेवटी सरांनी विचारलं.

"धूळ बसती, सर," ती म्हणाली. तिनं मान वर केली नाही. "कापसाचे दिवस हेत. झालं आता."

तिनं गोळी आत घातली, चकती फिरवली, माऊस माझ्यासमोर ठेवला. "बसा ताई. चालू झालं."

मी बसले. उठून जायला हवं होतं, पण बसले, कारण अजूनही मला ती खुर्ची हवी होती. अहवाल भराभर लिहून काढला. साहेबांनी दुसऱ्या परिच्छेदात पाच शब्द घालायला सांगितले आणि माझ्या ओळी एकेक करून मोडत खालपर्यंत गेल्या. मग ती बसली. हळूहळू, दोन बोटांनी, त्या लाल बोटांनी. साहेबांनी तिलाही शब्द घालायला सांगितले. ती टिचकी मारायची, शब्द घालायची, आणि ओळी सरकून जागेवर बसायच्या.

संध्याकाळी घरी गेले. नवरा जेवत होता. मी म्हटलं, घनसावंगीला बदली झाली.

"अन् मशीनवर तूच बसणार होतीस ना?" त्यानं विचारलं.

"ऐन परीक्षेत माऊस बिघडला."

"असा कसा बिघडला?"

"धूळ," मी म्हटलं. "कापसाचे दिवस हेत."

त्यानं मान हलवली आणि भात मागितला. मी वाढला.